मृणालताईंची दिल्लीवारी

गोष्ट २०६४ सालची. दिल्लीत पाणी परिषद तीन सभागृहांत भरली होती, आणि माणसं घरच्या खुर्चीत बसून तिथं नुसती आपली छबी पाठवत. छबी तोंडी हुकमावर चाले. ‘येते’ म्हटलं की पुढच्या सभागृहात, ‘जाते’ म्हटलं की परत घरी.

भाषण आटोपलं तसा मृणालताईंचा जीव खालीवर होऊ लागला. चिपळूणला शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान परागराव तापानं फणफणले होते, आणि खुर्चीत असेपर्यंत घरातलं काही ऐकू येत नसे. “येते हं,” त्या सवयीनं म्हणाल्या आणि थेट दुसऱ्या सभागृहात उभ्या राहिल्या. तिथं “बरंय, येते” म्हणाल्या, तर तिसऱ्यात.

तिथं मैत्रीण केतकी भेटली. “अगं, दिल्लीदर्शनाला निघालीस का? जाते म्हण आणि सूट.”

“घरात आजारी माणूस असताना जाते म्हणू?”

“मग बस इथंच जेवणापर्यंत.”

मृणालताईंनी डोळे घट्ट मिटले आणि पुटपुटल्या, “जाते.”

डोळे उघडले तर समोर घरचीच भिंत होती. पलीकडून खोल गेलेला आवाज आला, “जाते काय म्हणतेस गं? येते म्हणावं.”

परागराव त्या तापातून उठले आणि पुढं बरीच वर्षं जगले. केतकीनं दिल्लीतच घर केलं. मृणालताई परिषदांना जात राहिल्या, पण आगगाडीनं, नवऱ्याला बरोबर घेऊन.