वरून दुसरं

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी मला वाचायला शिकवलं. मी चौसष्टची होते. परगावी राहणाऱ्या मुलाला याचा पत्ता नव्हता. पुढे हे अंथरुणाला खिळले. त्यांच्या मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता आणि टीव्हीचा डबा सारखा अडकत होता. मी मुलाला फोन लावला.

"आई, त्यात कचरा साठलाय. सेटिंगमध्ये यादी दिसते ना? तुला वाचता यायचं नाही, वरून दुसरं दाब."

"दुसऱ्यावर 'डेटा पुसा' लिहिलंय. 'कॅशे पुसा' तिसरं आहे. कुठलं दाबू?"

"तिसरं, तिसरं! कॅशे म्हणजे तोच कचरा. दुसऱ्याने सगळंच गेलं असतं, पासवर्ड कोणालाच आठवत नाही." मग तो थबकला. "आई, तू वाचलंस?"

"मग काय, वास घेतला?"

डबा पळायला लागला. हे उशीवरून हसत होते. "मला इथून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"परीक्षा चालू असताना मास्तर कधी उत्तर सांगतो का?"

शेवटचा भाग आम्ही दोघांनी पाहिला. त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, हे गेले.