वडिलांनी उतरवलेली वही
चाकणची पहिली शिफ्ट संपवून निशिगंधा पाचला घरी आली ती उंबऱ्यातच बसली. घरीच एकटीनं अभ्यास केल्यानं तिचा पायलटच्या परीक्षेतला नेव्हिगेशनचा विषय दोनदा राहिला होता आणि पिंपरीतला क्लास नेमका तिच्या शिफ्टच्याच वेळेत भरायचा. म्हणून कंपनीत पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या प्रेसशॉपमधून निवृत्त झालेले तिचे वडील सरांना विनवून आज तिच्या जागी जाऊन बसले होते. "इंग्रजी कुठं समजतंय मला? पण फळ्यावरचं एक अक्षर सोडलं न्हाई," म्हणत त्यांनी वही पुढं केली. तिनं थकल्या हातांनी पानं उलटली. विमानाची दिशा काढायचे वाऱ्याचे त्रिकोण, बाण, अंश, सगळं कंपनीतल्या ड्रॉइंगसारखं पट्टीनं आखलेलं. एका आकृतीवर काट मारून शेजारी लिहिलं होतं, 'हे सरांनी पुसलं.' शेवटच्या पानावर आकृती नव्हती, नुसत्या तीन ओळी: 'इथं सर माझ्याकडं बघून काहीतरी बोलले. पोरं हसली. मीपण हसलो.'