काचेवरचा पाहुणा

लाल कार्डिनल पक्षी दारी आला की गेलेलं माणूस भेटायला आलं, असं ओहायोच्या त्या गावात सगळेच मानतात. त्यामुळे एक कार्डिनल रोज सकाळी लॉरेनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर चोच आपटू लागला, तेव्हा शेजारच्या व्हर्नाला शंकाच उरली नाही. "अगं, हा तुझा डॅरिल! रडतेस काय, न्याहारी दे त्याला!"

लॉरेनचा मुलगा डॅरिल युद्धावरून धडधाकट परतला होता, आणि मग घरीच त्याने जीव दिला होता. लॉरेन खिडकीत सूर्यफुलाच्या बिया ठेवू लागली. कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसू लागली.

ईस्टरला मुलगी आली. काचेवरचे रक्ताचे ठिपके बघून ती चरकली.

"आई, हा भेटायला बिटायला येत नाहीये गं. काचेत त्याला स्वतःचंच रूप दिसतं. तो त्याला शत्रू समजतो आणि दिवसभर स्वतःशीच लढत बसतो. मरेल अशाने."

"मग थांबवायचं कसं?"

"काचेला बाहेरून साबण फास. दिसायचं बंद झालं की शांत होईल. पण मग तो परत यायचा नाही, आई."

लॉरेनने कप खाली ठेवला, साबणाची वडी ओली केली आणि सपाता घालूनच बाहेरच्या चिखलात उतरली. काच पार पांढरी होईपर्यंत तिचा हात थांबला नाही.

 

"डॅरिलही असाच लढत होता गं," ती म्हणाली, "फक्त कुठली काच झाकायची, तेच मला कळलं नाही."