अर्थिंगचा खड्डा

"काका, गाडीचा चार्जर ठणठणीत आहे," अंगणात उकिडवा बसलेला मेकॅनिक म्हणाला. "अर्थिंग मिळत नाही म्हणून लाल दिवा लागतोय. हा खड्डा पार कोरडा पडलाय. आधी कुणी पाणी घालत होतं का इथं?"

मी खड्ड्याशेजारच्या वाळलेल्या गवती चहाकडे बघितलं. तांदळाचं धुवण आमची ही रोज तिथंच ओतायची. "तारेपाशी चिखल करू नकोस," म्हणून मी खेकसायचो. तिला जाऊन चार महिने झाले.

मेकॅनिकनं बादलीभर पाणी ओतलं. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. "रोज तांब्याभर तरी घालत जा," असं सांगून तो गेला.

संध्याकाळी डबा देणाऱ्या बाईंना फोन केला. "उद्यापासून डब्यात भात नको. भात मी घरीच लावीन."