मॅटखालचा डबा

दसऱ्याला हार घातलेली शिवदासची जुनी गाडी दुसऱ्या दिवशी जी बसली ती उठेचना. इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे मॉड्यूल, गेलाय, एवढं सांगून डिचोलीच्या गॅरेजवाल्याने हात वर केले. वडिलांचं एक डायलिसिस आधीच चुकलं होतं, पुढचं आज दुपारी होतं, आणि शेजाऱ्याकडे तिसऱ्यांदा गाडी मागायला तोंड उरलं नव्हतं.

शेवटी म्हापशाच्या भंगारातून त्याने तसाच डबा शोधून आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून सकाळपासून गाडीत आडवा पडला. पायाकडची मॅट उचलून जुना डबा काढला, तर त्याच्या पिना हिरव्यागार गंजलेल्या. "पावसाने खाल्ला," तो पुटपुटला. दुसरा बसवला, देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो ढसाढसा रडला.

आंघोळ उरकून, वडिलांना हाताला धरून तो अंगणात आला, तेव्हा आई नळाचा पाइप गुंडाळत होती.

"देवान माझा गाऱ्हाणा आयकला रे. दसऱ्याक धुतलंय, तशीच आता गाडी आतून-भायरून धुवन काढलंय."