कडुलिंबावरची रेंज

चुडावा गावापासून लांब, शेतातल्या आखाड्यावरच्या घरात व्यंकटराव आणि बायनाबाई, नवरा-बायको दोघंच राहत. तिथं फोनला रेंज यायची ती फक्त कडुलिंबाच्या शेंड्यावर. मागच्या साली शेजारच्या शिवारातला गडी साप चावल्यावर वेळेत फोन न लागल्यानं दगावला, तेव्हा व्यंकटरावांनी झाडाला फळ्या ठोकून थेट वरपर्यंत पायऱ्या केल्या.

"तुला काय झालं तर दोन मिनिटात वर जाऊन गाडी बोलावतो बघ," ते म्हणायचे.

आज भर दुपारी त्याच झाडाखाली तेच छाती धरून कोसळले.

साठीची बायनाबाई त्यांच्या खिशातला फोन घेऊन, पदर खोचून, जन्मात पहिल्यांदा झाडावर चढली. शेंड्यावर एकदाचा १०८ लागला.

"गाडी निघाली, मावशी. पण पोचायला पाऊण तास लागेल. सोबत कोण आहे?"

"कुणी न्हाई. मी एकलीच हाय."

"मग फोन ठेवू नका. मी सांगते तशी त्यांची छाती जोरात दाबत राहा. लगेच!"

बायनाबाईनं एका हातानं फांदी घट्ट धरली, फोन कानाला तसाच ठेवला आणि जिवाच्या आकांतानं खाली ओरडली,

"अवो, ऐकलं का? छाती दाबा म्हणायल्यात!"