दोन कन्सोल, एक सॉफ्टवेअर

चाचणीचे आकडे संज्योतच्या स्क्रीनवर होते आणि साठ्ये सर तिच्या मागे उभं राहून ते वाचत होते.

कंपनी दोन गेम कन्सोल बनवत होती, एक हातात धरून खेळायचा आणि एक टीव्हीला जोडायचा. दोन्हींचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यामुळे प्रत्येक गेम दोनदा तयार करावा लागे. आता एकच सॉफ्टवेअर ठेवायचं ठरलं होतं. संज्योतच्या टीमचं, नाहीतर सरांनी बारा वर्षं खपून उभं केलेलं. सरांचं सॉफ्टवेअर हातातल्या कन्सोलवर टाकलं की तो तापायचा आणि बॅटरी तासाभरात संपायची. संज्योतचं दोन्हींवर सुरळीत चाललं होतं.

"अजून महिनाभर मुदत मागू या, सर," ती म्हणाली. "तुमचं हलकं करता येईल. मी मदत करते."

ते होणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

सर खुर्ची ओढून बसले. "महिन्यानेही हेच आकडे येतील. अहवाल आजच पाठव. त्यावर माझीही सही घे, म्हणजे माझी माणसं तुझ्यावर राग धरणार नाहीत."

त्यांच्याशी भांडावं लागेल म्हणून तिने आठवडाभर मुद्दे जुळवले होते. त्यातला एकही न काढता तिने अहवालाची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

सही करून सरांनी पेन खाली ठेवलं नाही. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं.

"तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीची वाटणी कशी होते, ते मला नीट कळलेलं नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. सावकाश."